कांताभाभींचं ओलं फडकं

आमची शेवटची भेट गाडीतच झाली. जालन्यात कांताभाभींच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे त्यांची जुनी अमेरिकन गाडी उभी असते. दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. दुपारी मी सहज डोकावले, तर चहापाणी राहिलं बाजूला, "बसा बाई गाडीत" असं त्यांनी फर्मावलं. पुढच्या सीटवर आम्ही दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसलो. भाभींनी किल्ली अर्धी फिरवली आणि हात वर केला. म्हणजे आता बोलायचं नाही. मागून, डिक्कीच्या खालून, पेट्रोलच्या पंपाची बारीक गुणगुण सुरू झाली, हळूहळू जड झाली, आणि भाभींचा हात खाली आला. "भरलं," त्या म्हणाल्या आणि किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं, शेडचे पत्रे थरथरले. आम्ही कुठेही गेलो नाही. थोड्या वेळानं त्यांनी गाडी बंद केली. "कुठं जायचं म्हणून चालू न्हाई केली... ऐकायला बरं वाटतं," एवढंच म्हणाल्या, आणि मग चहा झाला.

पुढच्याच आठवड्यात रशीदभाईंचा फोन आला. रशीदभाई म्हणजे त्या गाडीचे मिस्त्री, हयातभर तिच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला माणूस. "बाई, भाभी दुपारी झोपल्या त्या उठल्याच न्हाईत," म्हणाले आणि फोन ठेवला. मी मेथी निवडत होते, ती तशीच ओट्यावर टाकून निघाले. खरं सांगायचं तर मला आधी राग आला. न सांगता जाणं हे भाभींच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्या बाजारात जातानाही सगळ्या गल्लीला सांगून जायच्या. रडू आलं ते नंतर, त्यांच्या दारात चपला काढताना. आता काही आठवडे उलटलेत आणि मला त्यांच्याबद्दल हसत हसत लिहिता येईल असं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

आमची ओळखच भांडणातून झाली. पिंपळगाव रेणुकाईजवळ माझ्या वडिलांची थोडी शेती होती, तीत मोसंबीची बाग. मी जालन्यात शाळेत विज्ञान शिकवायचे. वडिलांनी सांगितलं, विहिरीवर तीन हॉर्सची मोटर लागेल, येताना घेऊन ये. भाभींचे यजमान भंवरलालजी, त्यांचं मोटारपंपाचं दुकान होतं. ते त्या दिवशी बाहेरगावी गेले होते, गल्ल्यावर भाभी होत्या. "तीनची कशाला? पाचची न्या," त्या म्हणाल्या. "लहान मोटर घेतलेला माणूस पुन्हा दुकानात येऊन रडतो. मोठी घेतलेला येत न्हाई." मी पाचची नेली. मोटर सुरू केली तशा ठिबकच्या नळ्या जागोजागी निसटल्या आणि बागेत कारंजी उडाली. मोठी घेतलेली मी दुकानात परत आलेच, पण रडायला नाही. मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, आणि दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. भाभी शांतपणे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या फिटरला घेऊन टेम्पोतून थेट शेतात हजर! पदर खोचून विहिरीच्या काठावर उभ्या राहिल्या, मुख्य पाइपाला एक फाटा काढून घेतला, त्यावर कॉक बसवला आणि फाट्याची नळी परत विहिरीत सोडायला लावली. "बागेला लागंल तेवढं बागेला. उरलेलं परत विहिरीत. याला बायपास म्हणतेत, बाई." कारंजी बंद झाली. माझ्या वडिलांनी पाणी विचारलं, पण विचारताना जरा घुटमळले. आमच्या घरात बुद्धाची तसबीर वडिलांच्या तरुणपणीच आली होती, तरी मारवाड्याच्या बाईला पाणी विचारताना घुटमळायची त्यांच्या पिढीची सवय गेली नव्हती. भाभींनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "काका, विहिरीला पाणी गोड हाय." तेव्हापासून मी दुकानात आधी सामानाला, मग चहाला, आणि पुढे काहीच कारण नसताना जाऊ लागले.

आता गाडीबद्दल. ती भाभींच्या सासऱ्यांनी हैदराबादहून एका जहागीरदाराकडून आणली होती, आणि जालन्यातल्या बऱ्याच नवरदेवांची वरात तीतून निघालेली आहे. गाडी दिसायला राणी, पण वरातीत हमखास बंद पडायची. उन्हाळ्याची लग्नसराई, पुढे बँड, नाचणारी माणसं, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली... कुंडलिका नदीच्या पुलाचा चढ आला की ती दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. भंवरलालजी सीटखाली एक जुन्या धोतराचं फडकं आणि पाण्याचा तांब्या ठेवायचे. ते खाली उतरून बॉनेट उघडायचे, फडकं भिजवून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर टाकायचे आणि थंड होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. वऱ्हाडी मात्र थांबत नसत, ते धक्का मारायला घ्यायचे. पुढे त्याचा रिवाजच पडला. धक्का देणाऱ्यांना मांडवात पहिली पंगत! त्यामुळे काही मंडळी पुलाच्या अलीकडेच बाह्या सरसावून तयार असत, आणि गाडी चुकून बंद पडली नाही तर त्यांची तोंडं पडायची.

भाभी स्वतः नवरी होऊन आल्या त्याही त्याच गाडीतून. राजस्थानातून रेल्वेनं जालना स्टेशन, आणि तिथून गाडीनं घर. गाडी पुलावर बंद पडली. फडकं टाकून झालं, धक्का देऊन झाला, ती काही हलेना. इकडे गृहप्रवेशाचा मुहूर्त टळत चाललेला. शेवटी घुंघटातल्या भाभींना उतरवून पायी घरी नेलं. सासूबाईंनी त्यांचं नाव ठेवलं 'चालत आलेली सून', आणि घरात काही बिनसलं की ते नाव निघायचं. दूध नासलं तरी निघायचं. भाभी हे सांगताना स्वतः हसायच्या, पण त्या दिवसानंतर त्या गाडीत कधी बसल्या नाहीत.

भंवरलालजी गेले आणि गाडी शेडमध्ये उभीच राहिली. मुलगा मनोज पुण्याला असतो. आला की म्हणायचा, "आई, भंगारात दे. आपल्या गावात एवढ्या भट्ट्या आहेत, एका दिवसात वितळेल." खोटं नव्हतं ते. जालन्यात भंगार येतं आणि सळई होऊन बाहेर पडतं, निम्मं गाव त्यावर जगतं. भाभी ऐकून घ्यायच्या, विषय बदलायच्या. मग माझ्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. मे महिन्यातलं. तिला घेऊन पेढे द्यायला गेले तर भाभींनी पेढा हातात धरून जाहीर केलं, "नवरी आपल्या गाडीतून जाईल."

मी भडकले. त्याला कारण होतं. ती गाडी गावभर फिरली, पण आमच्या गल्लीत कधी आली नव्हती. आमच्याकडच्यांनी कधी मागितली नाही आणि त्यांच्याकडून कधी कुणी देऊ केली नाही. सगळ्यांना कारण ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. मी म्हटलं, "इतकी वर्षं आली नाही, आता कशाला? आणि आली, आणि नेमकी आमच्या वरातीत बंद पडली, तर? इतरांच्या वेळी लोक हसले आणि धक्का देऊन जेवायला बसले. आमच्या वेळी काय काय बोलतील, ते मला तुम्ही सांगू नका." भाभींनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"का आली न्हाई ते मला बराबर ठाऊक हाय, बाई," त्या म्हणाल्या. "तवा घरात माझं कोण ऐकत होतं? मी चालत आलेली सून. आता मालकीण मीच हाय. आन बंद पडायचं म्हणाल, तर ते मी बघते."

मी नाहीच म्हणणार होते. पण प्रज्ञा माझ्या मागे उभी होती. "आई, मला बसायचंय त्या गाडीत," ती म्हणाली. झालं! भाभींनी तिथल्या तिथे मनोजला फोन लावला आणि शब्द दिला, की या वरातीत गाडी बंद पडली तर दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याला बोलाव, मी आडवी येणार न्हाई. माझ्या डोक्याला दोन घोर लागले. एक लेकीच्या वरातीचा आणि दुसरा या बाईच्या गाडीचा.

रशीदभाईंनी टाकी उतरवली. आत गंजाचा चिखल होता. टाकीत खडी आणि नटबोल्ट टाकून त्यांनी ती दिवसभर हलवली, तेव्हा कुठे आतला पत्रा दिसला. रबराच्या नळ्या हातात मऊ लागत होत्या. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. त्या सगळ्या काढून टाकल्या. मी शेडमध्ये खुर्चीवर बसून वर्ग घेतला. पेट्रोल पाण्यापेक्षा फार लवकर उकळतं. गाडी वरातीत रांगते, इंजिनाला वारा लागत नाही, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. म्हणून तो बिचारा ओलं फडकं पडेपर्यंत नुसता हलत राहतो. रशीदभाई म्हणाले, "म्हणजे विहिरीवरची मोटर हवा धरती, तसंच की." भाभी लगेच उसळल्या, "मंग पंप वर कशाला ठेवला? विहिरीजवळ न्या. वरून ओढत बसण्यापेक्षा खालून ढकला!" आणि तेच बरोबर होतं. इंजिनावरचा पंप काढायचा आणि टाकीजवळ, थंड जागी, विजेवरचा पंप बसवायचा, असं ठरलं. मी माझी एक अट घातली, की सुरू करताना नळीत पेट्रोल भरेपर्यंत पंप चालावा, पण चालतं इंजिन बंद पडलं तर तो आपोआप बंद झाला पाहिजे. रशीदभाईंनी तसा स्विच जोडून दिला.

चूक झाली ती पंप निवडताना. रशीदभाईंनी दोन पंप आणले होते. एक लहानसा, जुन्या गाड्यांना चालतो तसा. दुसरा अपघातातल्या एका नव्या गाडीतून काढलेला, चांगला दणकट. भाभींनी दोन्ही हातात घेऊन तोलले, भाजीवाल्याकडे भोपळा तोलतात तसे. आणि जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं तेच स्वतःला सांगितलं. "मोठाच बसवा." रशीदभाईही खूश. "भाभी, ये तगडा है, बिलकुल टेन्शन न्हाई." किल्ली फिरवली आणि पेट्रोलनं कार्ब्युरेटरमधली, त्याला अडवणारी सुईच ढकलून दिली, वरून ओसंडून ते इंजिनावर सांडू लागलं. सगळ्या शेडभर वास. मी "बॅटरी काढा!" म्हणून किंचाळले, रशीदभाईंनी तार उपटली, आणि आम्ही तिघं अंगणात येऊन उभे राहिलो. ठिणगी पडली नाही हे नशीब. पडली असती तर हा लेख लिहायला मी नसते.

भाभी पायरीवर बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच खचलेलं पाहिलं. "गाडीचं नशीबच तसं हाय," म्हणाल्या, "आन माझंबी." मला ते ऐकवेना. पण धीर देण्याचं गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा मी चिडूनच म्हटलं, "नशीब कसलं? तुम्ही मला पाचची मोटर दिली होती, तेच पुन्हा केलंत. माझ्या बागेत कारंजी उडाली, इथे पेट्रोल उडालं." भाभींनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं... आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"बायपास!" त्या ओरडल्या. "रशीदभाई, बायपास! इंजिनाला लागंल तेवढं इंजिनाला, उरलेलं परत टाकीत!"

लहान पंप समोर पडलेला होता, तो बसवला असता तरी निभावलं असतं. पण भाभींना मोठाच हवा होता, आणि या खेपेला त्यांच्या हट्टात मुद्दा होता. पुढे पेट्रोलचा जोर कमी करणारी छोटी डबी बसवली आणि उरलेलं पेट्रोल मागे नेणारी दुसरी नळी टाकीपर्यंत ओढली. आता पेट्रोल इंजिनाजवळ तापत पडून राहणार नव्हतं, सतत फिरत राहणार होतं. पंप सुरू केला. गुणगुण आली, जड झाली, कुठे थेंब सांडला नाही. रशीदभाई नळीला कान लावून म्हणाले, "भाभी, पानी वापस जा रहा, विहिरीत." आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो. त्या दिवसापासून भाभींना ते गुणगुणणं ऐकायचं व्यसन लागलं.

चतुर्थीला गाडी राजूरला नेली. गणपतीच्या दर्शनापेक्षा आम्हाला तिथली गर्दी हवी होती. भर दुपारी, माणसांच्या मागे रांगत रांगत गाडी चालली. भाभी पुढच्या सीटवर, लग्नानंतर पहिल्यांदाच. नारळाच्या दुकानांपाशी गाडीनं एक आचका दिला. एकच. मग सावरली. टाकीत उरलेला गंजाचा कण गाळणीत अडकला होता, रशीदभाईंनी गाळणी बदलली आणि म्हणाले की आता काही होणार नाही. मला पटलं. भाभींनाही पटल्यासारखं वाटलं. पण तो आचका आमच्या दोघींच्या डोक्यातून गेला नव्हता.

लग्नाच्या दिवशी गाडी आमच्या गल्लीत आली, तेव्हा दारादारांतून बाया बाहेर आल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, काही नाही, नुसत्या बघत राहिल्या. आमच्या शेजारच्या आजीनं बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लईच तापती की गं ही." पांढऱ्या साडीतल्या प्रज्ञाला पुढची सीट वाकवून मागे बसवताना तारांबळ उडाली. दोन दारांची गाडी नवरीसाठी बनवलेलीच नसते. रशीदभाई चालवायला. त्यांच्या शेजारी भाभी, आणि त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा. मी विचारलं, "यात काय?" त्यांनी झाकण किलकिलं केलं. आत भंवरलालजींचं फडकं होतं, पाण्यानं निथळत असलेलं. "असू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "सवय हाय."

वरात निघाली. मुलं नाचत होती, पुढे सरकायला तयार नव्हती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी गाडीच्या बाजूनं चालत होते आणि मला गाण्यांतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, माझा कान इंजिनाकडे. पूल आला. गल्लीतली पोरं, मला न विचारता, बाह्या सरसावून मागे जमली. जुना रिवाज त्यांनीही ऐकलेला. चढ सुरू झाला. भाभींनी डब्याचं झाकण काढलं, फडकं हातात घेतलं आणि खिडकीतून पुढे बॉनेटकडे बघत राहिल्या. नाचणारे मधोमध थांबले, गाडी थांबली, पुन्हा हलली, पुन्हा थांबली. पोरं जवळ सरकली. "हात लावायचा न्हाई!" भाभी खिडकीतून कडाडल्या. आणि गाडी चढत गेली. न अडखळता, न कुरकुरता, पुलाच्या माथ्यावरून पलीकडे उतरली. मी रस्त्यातच उभी राहिले आणि रडले, लेकीच्या पाठवणीच्या आधीच. पाहुण्यांना वाटलं, आईचं मन आहे.

मांडवाशी भाभी उतरल्या तेव्हा त्यांच्या हातातलं फडकं उन्हानं वाळून कडक झालं होतं. त्यांनी माझा हात धरला. "बाई, पुलाच्या अलीकडं बसले आन पलीकडं गाडीतूनच उतरले," म्हणाल्या. "चालत न्हाई आले." मागे पोरं खट्टू होऊन उभी होती, धक्का नाही तर पहिली पंगत नाही. भाभींनी त्यांना बोलावलं. "पहिल्या पंगतीला तुम्हीच बसा. गाडी बंद पडली न्हाई म्हणून उपाशी मरता का?" त्या दिवशी त्या स्वतः वाढायला उभ्या राहिल्या.

त्यानंतर मनोजनं भट्टीचं नाव काढलं नाही. भाभी गेल्यावर तो शेडमध्ये एकटाच गाडीत जाऊन बसला होता. बाहेर आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "बाई, ही तुमच्याकडे राहू द्या. पुण्याला नेऊन मी काय करू? हिला लग्नाला जायची सवय आहे." मी नको म्हणणार होते, पण हात आपोआप मिटला.

परवा आमच्या गल्लीतली एक बाई आली. लेकीचं लग्न आहे, पुढच्या महिन्यात. दारात उभी राहून इकडचं तिकडचं बोलत राहिली, विचारावं की नाही या विचारात. मीच म्हटलं, "गाडी हवीय ना? मिळेल." मग रशीदभाईंना बोलावून शेडमध्ये गेले. सीटखाली स्टीलचा डबा तसाच होता, आत फडकं. मी ते घेऊन अंगणातल्या नळाखाली धरलं, तोटीला हात घातला... आणि तोटी सोडून दिली. फडक्याची घडी घातली आणि कोरडंच परत डब्यात ठेवलं. गाडीत बसले, किल्ली अर्धी फिरवली. रशीदभाई काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात माझा हात वर गेला. ते गप्प झाले. मागून गुणगुण आली, हळूहळू जड झाली.

"भरलं," मी म्हणाले आणि किल्ली पूर्ण फिरवली.